उत्तर तर आलं, पण बरोबर आहे का?

यावेळी पत्रांचा ढीग जरा वेगळाच आलाय. इतिहास, स्टॅटिस्टिक्स, फिजिक्स, केमिस्ट्री सगळं एकत्र, आणि बहुतेकांचा सूर एकच, "ताई एवढं उत्तर सांगून टाका, उद्या सबमिट करायचंय." उत्तरं सांगणारच आहे, पण पत्रं वाचताना एक जाणवलं की निम्म्याहून जास्त जणांनी उत्तर काढलेलं आहे, फक्त ते बरोबर आहे की नाही हे ठरवायचं कसं हेच कळत नाहीये, म्हणून मग मित्राचं बघायचं, त्याचंही तेच आलं की खूश. आणि अडचण अशी की प्रत्येक विषयाची तपासणी वेगळी असते, गणितात उलटं करून बघता येतं तसं इतिहासात येत नाही. तेव्हा प्रत्येक उत्तरासोबत ते तपासायचं कसं तेही लिहिलंय, तेवढं सोडून वाचू नका.

प्रश्न: ताई, २० मीटर उंच गच्चीवरून चेंडू १५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकला, जमिनीवर किती वेळाने पडेल? मला दोन उत्तरं मिळाली, ४ सेकंद आणि उणे १ सेकंद. उणेवालं खोडून टाकलं तर सरांनी तिथे मोठ्ठं प्रश्नचिन्ह काढलंय. आणि अजून एक, सगळ्यात वर चेंडूचा वेग शून्य होतो तर तिथे ॲक्सिलरेशन पण शून्यच ना?

गणित तुझं बरोबर आहे रे, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं ॲक्सिलरेशन १० धरलास, वरची दिशा अधिक धरलीस, म्हणजे जमीन उणे २० वर आली, समीकरण सुटसुटीत झालं, ४ आणि उणे १ ही दोन उत्तरं मिळाली. सरांना राग आलाय तो न सांगता खोडल्याचा. "वेळ उणे नसते" असं लिहिलं असतंस तरी ते अर्धंच कारण झालं असतं, कारण उणे १ सेकंद म्हणजे काहीतरी अशक्य नाही, उणे १ सेकंद म्हणजे फेकायच्या १ सेकंद आधी. समीकरणाला तुझी गच्ची, तुझा हात यातलं काही माहीत नसतं, त्याला एवढंच ठाऊक की शून्य सेकंदाला चेंडू या उंचीवर आहे आणि १५ च्या वेगाने वर चाललाय. आता समज हाच चेंडू कुणीतरी खाली जमिनीवरूनच फेकला असता, तर तुझ्या गच्चीपाशी नेमका याच वेगाने पोचायला तो किती आधी फेकायला हवा होता? १ सेकंद आधी, आणि २५ च्या वेगाने. करून बघ ना, १ सेकंदात वेग २५ वरून १५ होतो, आणि तेवढ्यात चेंडू २५ वजा ५ म्हणजे २० मीटर वर येतो. जुळलं की नाही?

आणि याचा फायदा बघ. तुझं ४ सेकंदवालं उत्तर घेऊन जमिनीवर आदळतानाचा वेग काढ, १५ वजा ४०, म्हणजे उणे २५. वर निघताना २५, खाली येताना पण २५. हवेचा विरोध धरलेला नाही, तेव्हा असंच यायला पाहिजे. खोडलेल्या उत्तराने तुझ्या ठेवलेल्या उत्तराची साक्ष दिली. पुढच्या वेळी दोन ओळी लिही, "हे मूळ फेकण्याआधीच्या क्षणाचं आहे, आपला प्रश्न फेकल्यानंतरचा आहे म्हणून घेतलं नाही," की सर गप्प.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही. वर वेग शून्य, ॲक्सिलरेशन तेच, खालच्या दिशेने. ते पण शून्य झालं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

प्रश्न: "पहिल्या महायुद्धाला युरोपातले करार-गट कितपत जबाबदार होते?" अशी असाइनमेंट होती. मी लष्करवाद, करार-गट, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद आणि सारायेव्होचा खून अशी सगळी कारणं व्यवस्थित लिहिली, तारखा पण बरोबर आहेत. मॅडमचा शेरा "वर्णन आहे, युक्तिवाद नाही". आता अजून काय लिहायचं?

अजून काही लिहायचं नाही, उलट बरंच काढायचंय. प्रश्न करार-गटांचा आहे आणि तू पाचही कारणांना सारखी जागा वाटून दिलीस, त्यामुळे तुझा निबंध "युद्ध का झालं" या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर झालाय, जो तुला कुणी विचारलाच नव्हता. विचारलंय "कितपत". म्हणजे वजन करायचंय.

वजन कसं करायचं तर असं बघ. समजा करार-गटांनीच युद्ध घडवलं, एक देश उतरला की करारामुळे दुसरा आपोआप ओढला गेला, असं मानलं तर आपल्याला १९१४ मध्ये काय दिसायला हवं? करारातला प्रत्येक देश आपापल्या बाजूने उतरलेला दिसायला हवा. दिसतो का? इटली १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीबरोबर करारात होता, आणि १९१४ मध्ये त्याने सरळ हात वर केले, हा करार बचावासाठी आहे, हल्ल्यासाठी नाही म्हणाला आणि तटस्थ राहिला. एवढंच नाही, मे १९१५ मध्ये तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्याच विरोधात युद्धात उतरला. आता दुसरीकडे ब्रिटन बघ. फ्रान्सबरोबर १९०४ चा समझोता होता पण त्यात युद्धात उतरायची सक्ती नव्हती, ब्रिटनने ४ ऑगस्टला युद्ध पुकारलं ते जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसल्यावर, आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी होती १८३९ च्या करारातली, म्हणजे या गटाबिटांच्या कितीतरी आधीची. करार असून एक देश उतरला नाही, सक्ती नसताना दुसरा उतरला. "आपोआप" हा शब्द इथेच गळून पडतो.

पण म्हणून करार-गट निर्दोष आहेत असं लिहून मोकळी होऊ नकोस, कारण दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे आणि तो दडवलास तर मॅडम तिथेच पकडतील. जर्मनीने जुलैच्या ५-६ तारखेला ऑस्ट्रियाला आपला पाठिंबा कळवला नसता तर ऑस्ट्रियाने सर्बियाला २३ जुलैचा तो ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता इतक्या जोरात दिला असता का? आणि फ्रान्स-रशिया करार होता म्हणूनच तर जर्मनीची लढाईची योजना अशी बनली होती की रशियाशी जुंपली तरी आधी फ्रान्सवर जायचं. नुसत्या तारखा एका ओळीत मांड आणि त्यांच्याकडे बघत बस जरा. खून २८ जूनला. ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला, मध्ये अख्खा महिना गेला. त्यानंतर १ ऑगस्टला जर्मनी रशियावर, ३ ला फ्रान्सवर, ४ ला ब्रिटन जर्मनीवर, म्हणजे एका आठवड्यात खंडभर युद्ध. पहिल्या महिन्याचा वेग आणि नंतरच्या आठवड्याचा वेग इतका वेगळा का, याचं उत्तर शोधलंस की तुझा युक्तिवाद तुला सापडला. मी लिहिलं असतं तर पहिलंच वाक्य असं लिहिलं असतं की करार-गटांनी युद्ध सुरू केलं नाही, पण सुरू झालेलं युद्ध दोन देशांपुरतं राहू दिलं नाही. तुला हे पटलंच पाहिजे असं नाही. फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने १९६१ मध्ये जर्मन नेतृत्वाच्याच महत्त्वाकांक्षेवर बोट ठेवलं होतं आणि स्वतःच्या देशात चांगलाच गदारोळ ओढवून घेतला होता, त्याच्या बाजूने लिहिलंस तर करार-गटांना आणखी कमी वजन मिळेल. तेही चालेल, पुरावा दे म्हणजे झालं.

आता तपासणी. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवून काढ आणि विचार, याच्याशी कुणी शहाणा माणूस वाद घालू शकेल का? "२८ जून १९१४ रोजी आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंडचा खून झाला" याच्याशी कोण वाद घालणार, ती माहिती झाली. सगळीच वाक्यं अशी निघाली तर मॅडमचा शेरा बरोबर होता.

प्रश्न: ४, ८, ६, ५, ७ यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन मी हाताने काढलं तर १.४१ येतं आणि कॅल्क्युलेटर १.५८ दाखवतो. कोण चुकतंय?

कुणीच नाही. सरासरी ६, फरकांचे वर्ग ४, ४, ०, १, १, बेरीज १०. तू ५ ने भागलंस, २ आले, त्याचं वर्गमूळ १.४१. कॅल्क्युलेटरने ४ ने भागलं, २.५ आले, वर्गमूळ १.५८. प्रश्न असा आहे की हे पाच आकडे म्हणजेच तुझी सगळी दुनिया आहे, की मोठ्या गठ्ठ्यातून उचललेलं सँपल आहे. अख्खं पॉप्युलेशन हातात असेल तर ५ ने, सँपल असेल तर ४ ने.

का, ते मात्र समजून घे, "फॉर्म्युला आहे म्हणून" असं व्हायव्हात चालत नाही. गठ्ठ्याची खरी सरासरी तुला माहीत नाही, तू याच पाच आकड्यांची सरासरी काढलीस आणि याच पाच आकड्यांचे फरक तिच्यापासून मोजलेस. ती सरासरी यांच्या मधोमध बसणारच, त्यांच्यापासूनच तर बनलीये. समज खरी सरासरी ७ आहे. ७ पासूनच्या फरकांचे वर्ग घे, ९, १, १, ४, ०, बेरीज १५. सहापासून १० होती. कुठलाही दुसरा आकडा घेऊन बघ, बेरीज १० पेक्षा कमी येऊन दाखव, येणारच नाही. म्हणजे सँपलची स्वतःची सरासरी वापरली की पसारा खऱ्यापेक्षा कमी दिसायची सवय असते, ती भरून काढायला एकाने कमी आकड्याने भागायचं.

सॉफ्टवेअरवर आंधळा विश्वास नको, पायथॉनच्या दोन लायब्रऱ्या घे, नमपाय काही न सांगता पूर्ण संख्येने भागतं आणि पांडाज एकाने कमी करून, तोच डेटा, तोच लॅपटॉप, दोन वेगळी उत्तरं. एक्सेलमध्ये फंक्शनच दोन आहेत, शेवटी एस असलेलं सँपलचं आणि पी असलेलं पॉप्युलेशनचं. तू दिलेल्या पाच आकड्यांएवढा लहान डेटा टाकून आधी बघून घे की तुझं सॉफ्टवेअर कुणाच्या बाजूचं आहे.

प्रश्न: नाणं १० वेळा उडवलं, ९ वेळा छापा आला, पी-व्हॅल्यू ०.०२ आली. मी निष्कर्ष लिहिला "नाणं खरं असण्याची शक्यता २ टक्के". सरांनी अख्खं वाक्य काटलं. आकडा तर बरोबर होता!

आकडा बरोबर, वाक्य उलटं. आकडा आला कुठून ते बघ म्हणजे कळेल. १० वेळा नाणं उडवलं की एकूण १०२४ प्रकारे निकाल लागू शकतो. त्यात ९ छापे यायचे १० प्रकार, १० छापे यायचा १, आणि तेवढेच टोकाचे निकाल काट्याच्या बाजूला, आणखी ११. एकूण २२ भागिले १०२४, म्हणजे ०.०२१५. आता सांग, यात १०२४ चे सगळे प्रकार सारख्याच शक्यतेचे आपण का धरले? नाणं खरं आहे असं मानलं म्हणून. जी गोष्ट गृहीत धरून आकडा काढलास, त्याच गोष्टीची शक्यता तो आकडा कशी सांगणार?

दुसऱ्या बाजूने बघ. एक नाणं तुझ्या खिशातलं, एक नाणं जादूगाराने हातात दिलेलं, दोन्ही १० वेळा उडवली आणि दोन्हीला ९ छापे आले. पी-व्हॅल्यू दोघांची एकच, ०.०२१५. पण खिशातलं नाणं खोटं असेल असं तुला जेवढं वाटेल त्याच्या कितीतरी पट जादूगाराचं वाटेल, आणि ते योग्यच आहे, फक्त ती माहिती पी-व्हॅल्यूत कुठेच नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये मुद्दाम निवेदन काढून हेच सांगितलं होतं, तेव्हा तू काही एकटा नाहीस, छापून आलेल्या पेपरांतही हा घोळ सर्रास सापडतो.

लिहायचं असं, "नाणं खरं आहे असं धरलं तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल यायची शक्यता सुमारे २ टक्के." लांब आहे, कंटाळवाणं आहे, पण लहान करायला गेलास की चुकतोस. आणि "किंवा याहून टोकाचा" गाळू नकोस, नुसते नेमके ९ छापे यायची शक्यता १० भागिले १०२४ एवढीच आहे, तो वेगळा आकडा. ९ ऐवजी ८ छापे आले असते तर पी-व्हॅल्यू ०.१०९, म्हणजे एका छाप्याने "सिग्निफिकंट" चं "नाही" झालं, तेव्हा ज्या ०.०५ च्या आत आलं की निकाल सिग्निफिकंट म्हणतात, त्या रेषेला देव मानू नकोस.

प्रश्न: १० चा उणे ८ वा घात मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच काढा. फॉर्म्युल्यात टाकलं, ८ आला. आन्सर की म्हणते ६.९८. छपाईची चूक असेल का?

अगं, ८ लिहिताना हात कसा अडखळला नाही! ७ च्या वर म्हणजे अल्कली. ॲसिड पाण्यात घालत गेलीस आणि अल्कली तयार झाली असं लिहिलंयस तू. कितीही पातळ केलंस तरी ॲसिड ७ च्या जवळ जवळ जाईल, ओलांडणार नाही.

विसरलीस ते पाणी. २५ अंश सेल्सियसला शुद्ध पाण्यात स्वतःचेच हायड्रोजन आयन १० चा उणे ७ वा घात मोलर असतात, तुझ्या ॲसिडपेक्षा दहापट. एरवी ॲसिड भरपूर असतं म्हणून पाण्याचा हिशेब सोडला तरी कुणाला कळत नाही, इथे पाणीच मोठा भिडू आहे. बरं, दोन्हींची सरळ बेरीज केलीस तर ६.९६ येईल, जवळ आहे पण पुरतं नाही, कारण बाहेरून हायड्रोजन आयन आले की पाण्याचं आयनांत तुटणं थोडं मागे सरतं. म्हणून एकूण हायड्रोजन आयन क्ष धर, हायड्रॉक्साइड क्ष वजा १० चा उणे ८ वा घात, दोघांचा गुणाकार १० चा उणे १४ वा घात. वर्गसमीकरण सोडवलं की क्ष येतो १.०५ गुणिले १० चा उणे ७ वा घात, पीएच ६.९८. आन्सर की बरोबर आहे.

प्रश्न: पेंड्युलमच्या प्रॅक्टिकलला जी ची किंमत ९.७७१६ आली, पुस्तकात ९.८१ आहे. सगळे जण रीडिंग थोडी ॲडजस्ट करून ९.८१ आणतात, मी पण करू का? जर्नल उद्या द्यायचंय.

अजिबात नको, आणि हे मी नैतिकतेचं लेक्चर म्हणून सांगत नाहीये, तुझं उत्तर चांगलं आहे म्हणून सांगतेय, उगाच खराब करशील. तू पाठवलेली रीडिंग अशी, लांबी १.०० मीटर, २० आंदोलनांना ४०.२ सेकंद. म्हणजे एका आंदोलनाला २.०१ सेकंद, आणि ४ गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी भागिले वेळेचा वर्ग केलं की कॅल्क्युलेटरवर ९.७७१६ दिसतं. पण तो शेवटचा १६ तुझा नाही, कॅल्क्युलेटरचा आहे. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच, ४०.२ मध्ये ०.२ म्हणजे अर्धा टक्का, आणि वेळेचा वर्ग आहे म्हणून जी मध्ये तो १ टक्का होतो. लांबी मोजताना अर्धा सेंटीमीटर चूक धरली तर अजून अर्धा टक्का. दोन्ही चुका स्वतंत्र, म्हणून सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं, एकूण एक टक्क्याच्या जरा वर, म्हणजे जी मध्ये ०.१. तेव्हा उत्तर लिहायचं ९.८ अधिक-उणे ०.१. आता बघ, ९.७ ते ९.९ च्या मध्ये ९.८१ आरामात बसतंय. तुझा प्रयोग पुस्तकाशी जुळलाच होता, तूच चार दशांश स्थळं लिहून तो जुळत नसल्याचा देखावा केलास.

मित्रांनी ॲडजस्ट केलेली जर्नलं बघून शिकवणाऱ्याला काही कळत नाही असं वाटत असेल तर गैरसमज आहे. खरी रीडिंग थोडी विस्कळीत असतात, बनवलेली फार सरळ येतात. आणि खरं उत्तर जेव्हा बरंच चुकतं ना तेव्हाच ते कामाचं असतं. जी १०.८-१०.९ च्या घरात आला तर आंदोलनं मोजताना पहिल्याच टोकाला "एक" म्हटलं असणार, "शून्य" म्हणायचं असतं, त्यामुळे १९ आंदोलनांची वेळ २० म्हणून लिहिली गेली आणि जी दहा-अकरा टक्क्यांनी फुगला. ९.७ च्या आसपास परत परत येत असेल तर लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न धरता दोरी संपते तिथपर्यंतच धरली असेल. ही दुसरी चूक तू शंभर वेळा रीडिंग घेऊन सरासरी काढलीस तरी जाणार नाही, सगळ्याच रीडिंगमध्ये ती एकाच बाजूला ओढते. मिलिकनसारख्या नावाजलेल्या शास्त्रज्ञाचंही तेच झालं, तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा चार्ज काढताना हवेच्या विस्कॉसिटीचा, म्हणजे चिकटपणाचा, आकडा किंचित चुकीचा घेतला गेला, आणि उत्तर आजच्या किमतीपेक्षा थोडं कमी आलं, थेंब कितीही मोजले तरी.

प्रश्न: नमस्कार ताई. मुलीला "जॉन स्नोने लंडनमधला कॉलरा थांबवला का?" असा इतिहासाचा निबंध आहे. मी इंजिनियर, माझं म्हणणं की आकडे टाक. ती म्हणते बाबा हा इतिहास आहे, इथे आकडे चालत नाहीत. तुम्हीच सांगा.

नमस्कार दादा, तुम्ही दोघं अर्धे अर्धे बरोबर आहात. हा निबंध आकड्यांशिवाय लंगडा पडेल, पण तुम्ही म्हणाल तसे नुसते आकडे टाकले तर तो निबंधच राहणार नाही.

तिला आधी प्रसिद्ध गोष्टीपासून सावध करा. गोष्ट अशी सांगतात की १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा दांडा स्नोने, म्हणजे कॉलरा पाण्यातून पसरतो म्हणणाऱ्या या डॉक्टरने, काढायला लावला आणि साथ थांबली. दांडा काढला ८ सप्टेंबरला. साथ भडकली होती ऑगस्टच्या शेवटी, लोक घरं सोडून पळाले होते, आणि मृत्यू तोवर उतरणीला लागलेच होते, हे स्नोने स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे "थांबवला का" या प्रश्नाचं पहिलं उत्तर, त्या साथीपुरतं, बहुधा नाही. मग त्याचं मोल कशात? तिथे तुमचे आकडे येतात. लंडनच्या एकाच भागात दोन पाणी कंपन्यांचे नळ एकमेकांत मिसळलेले होते, शेजारशेजारच्या घरांत वेगळ्या कंपनीचं पाणी. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपलं पाणी घ्यायचं ठिकाण थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीच्या वर हलवलं होतं, साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी अजून खालचंच पाणी देत होती. स्नोने मृत्यू मोजले, साउथवर्कच्या ४०,०४६ घरांत १,२६३ आणि लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. आता १,२६३ आणि ९८ हे आकडे असेच समोरासमोर ठेवले तर चूक, घरंच सारखी नाहीत. दर १०,००० घरांमागे काढले की ३१५ आणि ३७, आठपटींहून जास्त फरक. आणि शेजारी एकच, हवा एकच, गरिबी-श्रीमंती बरीचशी सारखी, त्यामुळे "घाणेरड्या हवेने कॉलरा होतो" म्हणणाऱ्यांना पळायला वाट कमी राहते. संपत नाही हं, कमी राहते.

आणि इथून पुढे तुमच्या मुलीचं क्षेत्र सुरू होतं. इतका धडधडीत पुरावा असूनही त्या वेळच्या आरोग्य मंडळाने तो मानला नाही, का नाही मानला? पाण्यात नेमकं काय आहे हे स्नोला दाखवता येत नव्हतं, १८५४ मध्येच इटलीत पाचिनी या शास्त्रज्ञाने कॉलऱ्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली बघितला होता पण त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, जर्मन शास्त्रज्ञ कॉखने तो पक्का केला १८८० च्या दशकात, तोवर स्नो जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. लोक मूर्ख होते असं लिहून सोडून देणं सोपं आहे, पण त्यांच्यासमोर जेवढं होतं त्यावरून त्यांना काय पटण्यासारखं होतं हे लिहिलं तर तो इतिहास. आकडे दोनच वापरायला सांगा तिला, ३१५ आणि ३७, बाकी जागा या प्रश्नाला द्या.

प्रश्न: एआयकडून इतिहासाचा निबंध लिहून घेतला, मस्त लिहिलंय, संदर्भ पण दिलेत पान नंबरसकट. वापरू का?

निबंधाचं तुमच्या कॉलेजचा नियम काय ते बघ, तो माझा विषय नाही. संदर्भांचं मात्र सांगते, त्यातलं एकेक पुस्तक लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये शोध. ही यंत्रं खऱ्या लेखकाच्या नावावर न लिहिलेलं पुस्तक अगदी सहज ठोकून देतात, पान नंबर, साल, प्रकाशक सगळं घेऊन. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेले खटले दाखल्याला दिले आणि कोर्टाने त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला, ते तर वकील होते. पुस्तक सापडलं तर ते पान उघड, पानावर खरंच ते वाक्य आहे का बघ, आणि असेल तर त्याच्या आधीचं नि नंतरचं पान पण वाच, पुष्कळदा लेखकाने ते मत खोडून काढायला म्हणून दिलेलं असतं.

गणिताचं विचारशील तर तिथे जरा सोपं आहे, उत्तर परत समीकरणात टाकून बघता येतं, वरच्या चेंडूसारखं.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना नुसता प्रश्न आणि उत्तर नको, रफ वर्कचा फोटो पण पाठवा, खोडलेल्या ओळींसकट.